पहिले दोन तास

पहाटे 5

नारायण पेठेतला छापखाना. 12 जुलै 1961, बुधवार. माझा कंपॉझिटर सकाळीच कामावर आलाय, केसमधून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये ओळ जुळवतोय आणि बाहेर रस्त्यावर कुणीतरी ओरडत चाललंय, पानशेत फुटलं! तो हातातली ओळ पुरी करतो की स्टिक टाकून पळतो, ते काही केल्या ठरत नाही. पळाला तर तो शहाणा माणूस, आणि शहाण्या माणसाची कादंबरी तीनशे पानं चालायची कशी? ओळ पुरी करत बसला तर वाचणारा म्हणणार, बाईंनी माणूस रंगवला, खरा नाही.

आज तिसरा मार्ग सुचला. ओळ लग्नपत्रिकेची आहे. कार्य दुसऱ्याचं, घाई दुसऱ्याची, आणि मालक समोर बसलाय. आता त्याला पळण्याआधी मालकाकडे बघावं लागणार. एवढं एक बघणं लिहायला पाऊण तास गेला, पण ते आलं.

ही माझी पहिलीच कादंबरी आहे. अजून छापलेली नाही, पुरी झालेली तर नाहीच. पानशेतच्या पुराबद्दल पुण्यात कुणाला काही नवीन सांगायला नको. आंबी नदीवरचं मातीचं धरण, काम पुरतं संपायच्या आतच भरलेलं, रात्रभर वाळूची पोती रचणारे लष्कराचे जवान, सकाळी धरण फुटलं आणि पाठोपाठ खडकवासलाही, मुठेकाठच्या पेठांत शिरलेलं पाणी, मग चौकशी आयोग. धरणाबद्दल आणि आयोगाबद्दल लिहून झालंय. मला हवा आहे तो खिळे जुळवणारा, ज्याची सगळी विद्या लाकडी केसच्या खणांत वाटून ठेवलेली होती. देवनागरीची केस म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्याने बघितलंय त्याला कळेल. इंग्रजीवाल्याचं काम थोडक्यात भागतं, आपल्याकडे जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार धरून खणच खण. कुठल्या खणात काय आहे ते बोटांना पाठ. पाणी ओसरल्यावर ते सगळं शिसं गाळात एक झालेलं. त्यानंतर हा माणूस काय करतो, एवढीच माझी गोष्ट.

लिहिते फुलस्केप वहीत, बॉलपेनने. त्यात भाविकपणा काही नाही. लॅपटॉप उघडला की मेल दिसतात, आणि मेल दिसले की मी कंपॉझिटरच्या बाजूने राहत नाही. फोन सात वाजेपर्यंत स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. चांगल्या दिवशी दीड पान होतं. आज एकच झालं, पण तिढा सुटला.

सव्वासात

चहा, आजीच्या गोळ्या, आईचा डबा. आईची बस पावणेआठची. ती चुकली की पुढची येईपर्यंत स्टॉपवर उभं राहून ती मला फोन करते, म्हणून तिची बस ही माझीही गरज आहे. आजी पेपर वाचते, निधनवार्तांपासून सुरुवात करून.

साडेआठ

पोटाचं काम पहिलं. जुलै ते सप्टेंबर हा सहकारी बँका आणि पतसंस्थांचा मोसम. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते, तिच्याआधी सभासदांच्या हातात अहवाल पडायला हवा, आणि अहवाल म्हटला की प्रुफं आली. या महिन्यात माझ्याकडे तीन संस्थांचे अहवाल आहेत. पैसे फॉर्मवर, म्हणजे सोळा पानांवर. कादंबरीची प्रुफंही त्याच दराने तपासली जातात, यावर मी एकदा भांडून बघितलं. 'शब्द कमी असतात हो अहवालात, आकडेच जास्त,' असं उत्तर मिळालं, आणि ते खरंही होतं.

या कामाचा खरा शत्रू फाँट. संस्थेच्या कारकुनाने मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असतो, सदाशिव पेठेतल्या डीटीपीवाल्याकडे मांडणी श्रीलिपीत होते आणि मधे एक कन्व्हर्टर बसलेला असतो, जो 'देणाऱ्या'चं 'देणार्या' करतो. 'कर्जदारांच्या' शाबूत राहतात, 'थकवणाऱ्या' मोडतात. म्हणजे पूर्ण अहवालात ज्या ज्या ठिकाणी कुणी काही करणारं असेल त्या त्या ठिकाणी मला लाल खूण करावी लागते. माझ्या कादंबरीतला माणूस एका खिळ्याची जागा चुकला तर मशिनमन त्याच्यावर ओरडायचा. इथे चूक कुणाचीच नसते. कन्व्हर्टरवर ओरडणार कोण?

मग ऱ्हस्वदीर्घ. साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम, नंतर त्यांत पडलेली भर, शेजारी अरुण फडक्यांचा लेखन-कोश. हे सगळं मला आता वर न बघता येतं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. अध्यक्षांचं मनोगत मात्र वर बघायला लावतं. दरवर्षी तेच मनोगत, फक्त वर्षाचा आकडा बदललेला. यंदा एका संस्थेने आकडाही बदललेला नव्हता. 'सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या संस्थेने यशाचे आणखी एक शिखर पादाक्रांत केले आहे.' खाली ताळेबंदात थकबाकी वाढलेली. मला तपासायची असते ती वेलांटी, शिखर नव्हे.

तरी या अहवालांचं एक आहे, ते पैसे देतात. उशिरा देतात, पण सभेच्या आधी देतात, कारण सभेत कुणीतरी छपाईखर्चावर प्रश्न विचारतो आणि बिल चुकतं केलेलं असावं लागतं.

साडेअकरा

आता कोरिया.

एका मालिकेची मराठी सबटायटलं. मूळ संवाद कोरियन, मला येतात इंग्रजीत, वेळेच्या खुणा मारून तयार. ओळीत 42 अक्षरं, एका वेळी फार तर दोन ओळी, सात सेकंदांहून जास्त वेळ पडद्यावर ठेवायचं नाही. पैसे चित्राच्या मिनिटावर. गप्प बसणाऱ्या माणसांच्या मालिका म्हणून परवडतात. भांडणाऱ्या कुटुंबांची मालिका घेतली की तासाचा मोबदला निम्म्यावर येतो.

सर्वांत मोठी अडचण शब्दांची नाहीच. इंग्रजीत 'यू' हे एकच, आणि आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. कोरियनमध्ये आदराच्या पायऱ्या आपल्याहून जास्त आहेत, पण त्या इंग्रजीतून येताना गळून पडलेल्या. मग मी आवाज बंद करते आणि माणसं कशी वाकतात ते बघते. एवढं वाकला तर 'तुम्ही'. मान नुसती हलवली तर 'तू' चालेल. सून सासूशी 'तुम्ही' बोलणार हे गृहीत धरलं होतं, पण आजच्या भागात ती संतापाने 'तू'वर आली असणार असं तिच्या खांद्यांवरून वाटलं. आपल्याकडची सून संतापली तर काय करेल? 'तुम्ही'च म्हणेल, पण वाक्य अर्धं तोडेल. तेच केलं. 42 अक्षरांत तोडलेलं वाक्य बसायला फार सोपं असतं, हा वरचा फायदा.

असली एखादी जागा सोडली तर बाकी सगळं 'काय झालं?', 'तू ठीक आहेस ना?', 'आपल्याला बोलायला हवं.' मराठी माणसं एकमेकांना 'आपल्याला बोलायला हवं' असं कधी म्हणतात? आमच्याकडे 'बस जरा' म्हणतात. 'बस जरा' लिहिलं तर तपासणारा विचारतो, तो आधीच बसलेला आहे ना. मी 'बोलायचंय' लिहून मोकळी होते.

एवढ्यात दीड वाजतो आणि माझ्या कानात तीन मराठ्या झालेल्या असतात. अहवालाची 'कळविण्यात येते', मालिकेची 'बोलायचंय', आणि पहाटेची छापखान्यातली, जी दोघींच्या आवाजात आता ऐकूच येत नाही.

दीड

पिठलंभात, उभ्याने. मग बिलं. दोन बिलं पाठवली, दोन जुन्यांची आठवण करून दिली. आठवण करून देण्याचं एक वेगळं गद्य आहे. 'आपल्या सोयीने' हे शब्द घालायचे असतात आणि सोय आजच व्हावी असं दिसायचंही असतं. एका ठिकाणाहून दहा टक्के टीडीएस कापून पैसे आले, तो आकडा वहीत. हा रिटर्नचा महिना. माझे सीए व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं ते दरवर्षी विचारतात आणि मी 'भाषांतर' सांगते.

तीन

तपासलेली प्रुफं घेऊन अप्पा बळवंत चौकात. पीडीएफवर खुणा करून पाठवता येतात, पण आमचे डीटीपीवाले काका कागदच मागतात. 'ताई, पडद्यावर मला तुमचं लाल दिसत नाही.' त्यांचं दुकान एका वाड्याच्या जिन्याखाली आहे. शेजारी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे ढीग, आणि त्या ढिगांतून वाट काढत गावाकडून आलेली मुलं. या मुलांबद्दल मला माया आहे. मीही काही महिने नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत पैसे भरून जागा घेतली होती, कादंबरीसाठी. तिथे सगळे राज्यघटना वाचायचे आणि मी मान खाली घालून लिहायचे. शेजारच्या मुलाने एकदा विचारलं, 'ताई, ऑप्शनल मराठी का?' मी हो म्हटलं.

चौकातून दोन गल्ल्या पुढे एका प्रकाशकांकडे. सुरुवातीची शंभर पानं आणि सारांश त्यांच्याकडे पडून आहे. मराठीत हस्तलिखित 'विचारार्थ' पाठवायचं, मग विचार सुरू होतो आणि तो कधी संपतो याचा काही नियम नाही. नकार आला तरी माणूस मोकळा होतो. पण आपल्याकडे नकार देणं असभ्य समजतात, त्यामुळे 'वाचतोय' हे उत्तर वर्षभर पुरतं. आज मात्र ते स्वतः भेटले.

'वाचलं मी. भाषा चांगली आहे,' म्हणाले.

'भाषा चांगली आहे' या वाक्यानंतर काय येतं ते मला ठाऊक आहे.

'पण पहिली कादंबरी. आता हजाराची आवृत्ती कुणी काढत नाही, तीनशेची काढतो. त्यातल्या काही प्रती तुम्ही घेतल्यात तर आपल्याला पुढे जाता येईल. आप्तेष्ट असतातच की.'

'किती प्रती, सर?'

त्यांनी आकडा सांगितला. मी मनातल्या मनात आप्तेष्ट मोजले. आजीला वाचायला देण्याजोगी एक, आईच्या ऑफिसात पाच, बँकेतल्या मित्राला एक. सर वाईट गृहस्थ नाहीत. कागदाचे भाव, वितरकांची सूट, परत येणारे गठ्ठे यांचा हिशोब त्यांनी माझ्यासमोर मांडला, आणि त्यात मला खोट काढता आली नाही. पण त्या हिशोबात वाचणाऱ्याचा रकाना नव्हता. मी 'विचार करून सांगते' म्हटलं. तेवढा एक शब्द मीही त्यांच्याकडून शिकलेय.

दुसरी वाट सरकारी आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी योजना आहे, पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान देते. तिथे हस्तलिखित पुरं लागतं, आणि माझं पुरं नाही. पुरस्कारांचंही बघून ठेवलंय, कारण माणूस आशाळभूत असतो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंत. मी त्या दाराच्या उंबऱ्यावर आहे आणि कादंबरी अजून मधल्या खोलीत. 'कोसला' 1963 साली आली तेव्हा नेमाडे पंचवीस वर्षांचे होते. हा हिशोब मी कुणाला सांगत नाही, पण तो मला पाठ आहे.

साडेचार

पेठेतल्या जुन्या ग्रंथालयात तासभर. 1961 च्या वर्तमानपत्रांचे बांधीव अंक. मोठ्या बातम्या मी आता वाचत नाही. जाहिराती, छोट्या नोटिसा, भाव वाचते. कागद बोटाला लागला की कडेने तुटतो, म्हणून ग्रंथपाल बाई माझ्या पान उलटण्याकडे लक्ष ठेवून असतात. आज हाती फारसं काही लागलं नाही.

साडेपाच

चहाला बँकेतला मित्र. कविता करतो, चांगल्या करतो, आणि दिवसभर कर्जविभागात बसतो. त्याचं म्हणणं नेहमीचं.

'तुझं बरं आहे गं. दिवसभर भाषेतच असतेस. आम्ही आपले संध्याकाळी सहानंतरचे लेखक.'

आज मी ऐकून घेतलं नाही. कादंबरीच्या आड वेळ येतो असं सगळे म्हणतात. मला वेळ आडवा येत नाही. अहवालाचे तीन तास आणि मालिकेचे दोन, तेवढे तर नोकरीवालाही कुठेतरी घालवतोच, उलट जास्त. प्रश्न आहे कोण काय घेऊन घरी येतं याचा. हा बँकेतून येतो तेव्हा त्याची भाषा कोरी असते, दिवसभर तिला कुणी हात लावलेला नसतो. माझी दिवसभर भाड्याने गेलेली असते आणि परत येते ती दुसऱ्याच्या अंगाचा वास घेऊन. संध्याकाळी मी छापखान्यातल्या मालकाला बोलायला लावलं तर तो म्हणतो, 'आपल्याला कळविण्यात येते की.' एकदा खरंच म्हणाला, आणि मला ते दुसऱ्या दिवशी पहाटे दिसलं.

'बघ ना,' मी म्हटलं, 'श्री. ना. पेंडसे कुठे होते? बेस्टमध्ये. पहिल्या कादंबरीसाठीच्या राज्य पुरस्काराला ज्यांचं नाव आहे तो माणूस बसगाड्यांच्या कंपनीत नोकरी करत होता. रंगनाथ पठारे संगमनेरला भौतिकशास्त्र शिकवायचे. श्याम मनोहर, पुन्हा भौतिकशास्त्र. जी.ए. धारवाडला शिकवायचे, पण इंग्रजी. कुणी दिवसभर मराठी विकलेली नाही.'

'आणि माडगूळकर?'

'कुठले?'

'व्यंकटेश. पुणे आकाशवाणीत होते की. दिवसभर मराठीच. भाऊ पाध्ये वर्तमानपत्रांत. अरुण साधू पत्रकार नसते तर 'सिंहासन' झालं असतं का?'

यावर मला थांबावं लागलं. थोडा चहा प्यायले.

'साधूंना बातमी मिळत होती, मंत्रालय मिळत होतं,' मी म्हटलं. 'मला ताळेबंद मिळतो.'

'मग ताळेबंदावर लिही.'

तो हसत म्हणाला, पण घरी येताना बसमध्ये ते डोक्यातून जाईना. माझ्या छापखान्याच्या मालकाने पुराच्या आधी कुणाकडून कर्ज घेतलं होतं का? शिसं गाळात गेल्यावर हप्ते कोण भरणार? पतपेढीचं पत्र कोणत्या भाषेत आलं असेल ते तर मला झोपेतही लिहिता येईल. वहीत टिपलं. म्हणजे मित्राचं थोडं खरं. पण एका वाक्यापुरतंच. बाकीच्या तीनशे पानांना त्या पत्राची भाषा लागू द्यायची नाही, यावर मी ठाम आहे.

सात

दिवाळी.

आषाढ आहे, बाहेर धो धो पाऊस, आणि मराठीत लिहिणारं प्रत्येक माणूस या घटकेला दिवाळीत आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाचं वर्ष कायमचं बांधून टाकलं. मे-जूनमध्ये पत्रं, आता मेल येतात, जुलै-ऑगस्टमध्ये मजकूर, गणपतीच्या सुमारास प्रुफं. आपलं निम्मंअधिक कथावाङ्मय पावसाळ्यात लिहिलं गेलेलं असणार. अंकांबद्दल मला कृतज्ञता आहे. माझ्या छापून आलेल्या सगळ्या कथा दिवाळी अंकांत आल्यात, आणि एका अनोळखी शिक्षकांनी साताऱ्याहून पोस्टकार्ड पाठवलं होतं तेही अंकामुळेच. पण या प्रथेने कादंबरीचं नुकसान केलंय असंही माझं मत झालंय. तीन हजार शब्दांची कथा मागायला दरवर्षी कुणीतरी येतं. कादंबरी मागायला कुणी येत नाही. मग ज्याच्यापाशी मोठं काही असतं तो त्याचेच तुकडे पाडून पाऊस संपेपर्यंत वाटून टाकतो, आणि नोव्हेंबरात त्याच्याकडे मानधनाचे दोन धनादेश आणि एक रिकामी वही असते.

आज एका संपादकांचा फोन.

'मॅडम, तुमच्या त्या पुराच्या कादंबरीतलं एखादं प्रकरण द्या ना. 'आगामी कादंबरीतील अंश' म्हणून टाकू. चांगलं दिसतं.'

चांगलं दिसतं, हे मलाही माहीत आहे. प्रकाशकांच्या नजरेत येतं, 'आगामी' या शब्दाने दोन-तीन वर्षांची इभ्रत मिळते. पण लग्नपत्रिकेची ओळ आज पहाटे आलीय. ती छापून आली की ते प्रकरण गोठणार, मग पुढचं सगळं त्याला जुळवून घ्यावं लागणार. मी म्हटलं, 'प्रकरण नको, स्वतंत्र कथा देते.'

'मग विनोदी असेल तर बघा. यंदा सगळ्यांनी गंभीरच पाठवलंय.'

विनोदी कथा सांगून मागितली की माझ्या चेहऱ्यावर अध्यक्षांचं मनोगत उमटतं. तरी बसले. अभ्यासिकेतल्या त्या मुलावर, 'ऑप्शनल मराठी का' विचारणाऱ्यावर, दोन पानं झाली. संध्याकाळी मला एवढंच जमतं. आज घडलेलं, आजच्या भाषेत, वेगाने. अशा लिखाणाला थकलेली भाषा चालते, कधी कधी शोभतेही. त्याला मी कमी लेखत नाही, फक्त त्याची वेळ वेगळी ठेवलीय.

नऊ

जेवण. आजीला बोलतं करायची हीच वेळ, औषधाने डोळे जड व्हायच्या आत. पुरानंतर ती गोखलेनगरला निसेन हटमध्ये राहिली. अर्धगोल पत्र्याच्या त्या खोल्या पुण्यात अनेकांच्या आठवणीत आहेत. भिंत आणि छप्पर एकच, त्यामुळे फळी ठोकायला सरळ जागा नाही. हे मला कुठल्या अहवालात मिळालं नसतं.

'फोटो कुठे लावायचे मग?'

'कसले फोटो? गेले ना सगळे.' मग थोड्या वेळाने, 'देवाचा एक होता. तो जमिनीवर, पाटावर ठेवायचो.'

गेल्या खेपेला तिने देवाचा फोटोही गेला असं सांगितलं होतं. मी दोन्ही लिहून ठेवते. आई म्हणते, आजीला तारखा विचारू नकोस, ती गोंधळते. मी तारखा विचारतच नाही, त्या वर्तमानपत्रात आहेत. मी विचारते, उन्हाळ्यात पत्रा तापला की तुम्ही दुपारी कुठे बसायचात?

'बाहेर. सावलीत. सगळ्या बायका ओळीने.' आणि लगेच, 'तुझं ते पुस्तक कधी येतंय? मी असेपर्यंत आण.'

प्रकाशकांच्या प्रतींचा आकडा मी तिला सांगितला नाही. सांगितला असता तर तिने कपाटातल्या डब्याची किल्ली दिली असती. ती किल्ली मला नको आहे.

साडेदहा

एक लांबट वही आहे, त्यात रकाने आखलेत. काय पाठवलं, कुठे, कोणत्या तारखेला, उत्तर. शेवटचा रकाना मी सुरुवातीला फार रुंद आखला होता. नव्या पानावर अरुंद केलाय, त्यामुळे शेरा लिहायला जागा झाली. आजच्या नोंदी: प्रकाशक भेटले, प्रतींची अट. संपादकांना कथा कबूल, पंधरा दिवसांत. एका नियतकालिकाकडून परत आलेली कथा दुसऱ्याकडे मेलने पाठवली, युनिकोडमध्ये, सोबत पीडीएफ, कारण त्यांच्याकडेही कन्व्हर्टर असणारच.

वही मिटतेय तोच डीटीपीवाल्या काकांचा फोन.

'ताई, झोपलात का?'

'बोला काका.'

'पतसंस्थेत राजीनामा झाला. उपाध्यक्ष बदलले. चार ठिकाणी नाव आहे, फोटोखाली आहे, मनोगतात 'माझे सहकारी' म्हणून आहे. उद्या सकाळी नऊला प्लेट काढायचीय. सातपर्यंत एकदा नजर टाकता का?'

'सात नाही. साडेसात.'

'अहो मशीन थांबेल.'

'काका, पाच ते सात मी नसते. साडेसातला देते, आणि हा फॉर्म नव्याने धरायचा. बिलात जादा येईल.'

पलीकडे थोडा वेळ पावसाचा आवाज, मग काका कुणाला तरी विचारतात, 'जादा चालेल का?' कुणीतरी काहीतरी म्हणतं.

'चालेल म्हणतात. पण नवे उपाध्यक्ष 'चौधरी'ची वेलांटी ऱ्हस्व लिहितात, तशीच ठेवा म्हणालेत.'